मासा समुद्राचा, धक्का कुणाचा? : लोफोतेनची अभ्याससहल

पहिला दिवस : बोदो ते ओ

बोदोहून मोस्केनेसला जाणारी फेरीबोट साधारण सव्वातीन तासांत वेस्तफ्योर्ड ओलांडते. नावात फ्योर्ड असला तरी डोंगरांच्या कुशीतलं शांत पाणी वगैरे इथे काही नाही. नॉर्वेची मुख्य भूमी आणि लोफोतेनची बेटं यांच्यामधला हा उघडा समुद्र आहे आणि मार्चमध्ये तो स्वस्थ बसत नाही. निघून तासभर होत नाही तोच आमचा अर्धाअधिक वर्ग आडवा झाला होता. मी खिडकीला चिकटून क्षितिजावर नजर ठेवून बसले. बोट लागू नये म्हणून सातपाटीच्या आजोबांनी शिकवलेला हा एकच उपाय मला येतो आणि अजून तरी तो फसलेला नाही.

आम्ही सगळे बोदोत उत्तरेकडच्या किनारी समाजांचा इतिहास शिकणारे. वर्गात नॉर्वेजियन आहेत, जर्मन आहेत, नायजेरियातल्या एनुगूची एक मैत्रीण आहे, आणि मराठी मी एकटीच. नॉर्वेत प्राध्यापकांना सरळ पहिल्या नावानं हाक मारतात. मला ते अजूनही जमत नाही, त्यामुळे इथेही त्यांना बाईच म्हणते. तर बाईंनी निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं, की डोंगर, लाल घरं आणि नॉर्दर्न लाइट्स यांचे फोटो तुम्ही काढालच, ते मला दाखवू नका. जिथे जाल तिथे एकच गोष्ट विचारा : ही जागा कुणाची होती?

किनारा जवळ आला तेव्हा मात्र बाईसुद्धा डेकवर आल्या. बर्फानं माखलेले काळे सुळके समुद्रातून थेट वर चढतात, मध्ये सपाटी म्हणून नाही. लोक याला लोफोतेनची भिंत म्हणतात. त्या भिंतीच्या पायथ्याशी जी चिंचोळी पट्टी सुटली आहे, तिच्यावर गावं वसली आहेत. जागा इतकी कमी, की ती कुणाची हा प्रश्न इथे पहिल्यापासूनच जीवनमरणाचा असणार.

मुक्काम ओ नावाच्या गावात. स्वीडनच्या लुलेओहून निघणारा ई-१० रस्ता इथे येऊन संपतो. आम्हाला मिळालेली खोली म्हणजे एक ‘रोर्बू’, हंगामी मच्छीमारांची पाण्यावर खांब रोवून उभारलेली झोपडी. अर्थात आता तिच्यात गरम फरशी आणि भांडी धुण्याचं यंत्र आहे. आमचं भाडं विद्यापीठानं भरलं म्हणून, नाहीतर विद्यार्थ्यांनी बाहेरूनच फोटो काढावा असे दर.

दुसरा दिवस : ओ

सकाळी मासेमारी गावाचं संग्रहालय पाहिलं. ते एका इमारतीत नाही, जवळजवळ अर्धं गावच संग्रहालय आहे : मालकाचं घर, होड्यांच्या शेड, कॉडच्या यकृताचं तेल काढायचा कारखाना, १८४४ सालची बेकरी (आमच्या नशिबी तिचं बंद दार आलं) आणि जुन्या, खऱ्याखुऱ्या रोर्बू.

खऱ्या रोर्बूत शिरताना वाकावं लागतं. बाहेरच्या भागात जाळी, दोर, गळ, आमिष. आतल्या भागात एक चूल आणि भिंतीला लागून एकावर एक फळ्या, एका फळीवर दोघांनी झोपायचं. एका होडीचे पाच-सहा जण, जागा कमी पडली तर दोन होड्यांचे मिळून, जानेवारी ते एप्रिल इथे राहायचे. भिजलेले लोकरीचे कपडे चुलीवर टांगलेले, खाली माशांच्या आतड्यांचा वास. ही माणसं दक्षिणेकडून, उत्तरेकडून शेकडो मैल होडी वल्हवत आणि शिडावर हाकत इथे यायची, कारण याच दिवसांत बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोतेनला येतो. या पाहुण्या कॉडला इथे ‘स्क्रेई’ म्हणतात. १८९५ च्या हंगामात तीस हजारांहून जास्त मच्छीमार या बेटांवर होते.

प्रत्येकाजवळ एक लाकडी पेटी. संग्रहालयात आम्हाला एक उघडून दाखवली. झाकण किंचित घुमटाकार, त्यावर मालकाची आद्याक्षरं आणि साल रंगवलेलं, आत एका कडेला पत्रं आणि तंबाखूसाठी छोटा कप्पा. बाकी सगळी जागा खाण्याची. पातळ कडक भाकरीच्या चवडी, लोणी, वाळवलेलं मांस, चीज. हे सगळं घरच्या बायकांनी महिनोन्‌महिने आधीपासून साठवलेलं. पुरुष समुद्रावर असताना शेतं, गुरं, पोरं आणि म्हातारी माणसं त्याच सांभाळायच्या. संग्रहालयाच्या पाटीवर त्यांच्यासाठी दीड वाक्य आहे, हे मला खटकलं.

आता जागेचं. गाव, धक्का, रोर्बू, दुकान, मासळी वाळवायची जागा, तेलाचा कारखाना हे सगळं एका माणसाचं, गावमालकाचं. रोर्बूत राहायचं तर मासळी त्यालाच घालायची. भाव तो ठरवणार. मीठ, पीठ, दोर त्याच्याच दुकानातून उधारीवर. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला, की पुष्कळदा मच्छीमाराच्या हातात पुढच्या वर्षी परत येण्याची हमी तेवढी उरायची. समुद्र काही कुणाच्या बापाचा नाही, असं आपण सहज बोलून जातो. इथे १८१६ च्या कायद्यानं तोही वाटून टाकला होता : कुठल्या गावच्या मच्छीमारांनी कुठल्या पट्ट्यात जाळी टाकायची हे ठरलेलं, आणि त्यावर देखरेख गावमालकांची. १८५७ च्या कायद्यानं हे वाटप मोडलं, समुद्र सगळ्यांना खुला केला आणि देखरेख सरकारकडे गेली. धक्का मात्र मालकाचाच राहिला.

दुपारी गावाबाहेरच्या मासळीच्या मांडवांकडे गेलो. सातपाटीला वलांडीवर बोंबील टांगलेले बघत मी मोठी झाले, त्यामुळे हे दृश्य मला नवं नसेल असं वाटलं होतं. आकारानं दडपून गेले. माणसाच्या हाताएवढे, डोकं आणि आतडी काढलेले कॉड शेपटीशी जोडीजोडीनं बांधून दांड्यांवर टाकलेले, ओळीवर ओळी, टेकडीच्या वळणापर्यंत. मीठ अजिबात नाही. सगळं काम वारा आणि थंडी करतात. हवा शून्य अंशाच्या आगेमागे राहिली तर मासा बरोबर वाळतो. फार गोठला तर आतलं मांस भुसभुशीत होतं आणि लवकर ऊन तापलं तर माश्या बसतात. मे-जूनपर्यंत तो उतरवतात, तोवर त्यातलं बहुतेक पाणी उडून गेलेलं असतं. पाच-सहा किलोचा मासा किलोभराचा लाकडी ओंडका होतो आणि मग वर्षानुवर्षं टिकतो.

या टिकाऊपणावरच नॉर्वेचा मध्ययुगीन व्यापार उभा राहिला. सुका कॉड बर्गनला जायचा आणि तिथून हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या वखारींमार्फत युरोपभर. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या कॅथलिक युरोपला तो हवाच होता. इटलीतली गोष्ट वेगळी. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी १४३१ साली क्रीटहून मद्याचा माल घेऊन फ्लँडर्सकडे निघाला, वादळात जहाज गमावलं आणि १४३२ च्या जानेवारीत मूठभर माणसांसह लोफोतेनच्या टोकाच्या र्योस्त बेटांवर लागला. बेटावरच्या लोकांनी त्यांना तीन महिन्यांहून जास्त काळ घरात ठेवून घेतलं. परत जाऊन त्यानं या लोकांच्या साधेपणाचं आणि त्यांच्या सुक्या माशाचं भरभरून वर्णन केलं. आजही लोफोतेनच्या सुक्या कॉडचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे.

तिसरा दिवस : रेइने, नुसफ्योर, बोर्ग

रेइनेवर थांबलो तेव्हा हिमवादळ सुरू होतं, काही दिसलं नाही. गावामागच्या रेइनेब्रिंगेन डोंगरावर दगडी पायऱ्या आहेत, दीड हजारांहून जास्त. त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या. पर्यटकांनी तुडवून डोंगर धसायला लागला म्हणून. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, त्यामुळे आम्ही पायथ्यावरूनच पुढे निघालो.

नुसफ्योर हे गाव इतकं जपलेलं आहे, की खरं वाटत नाही. १९७५ च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात नॉर्वेनं नमुना म्हणून निवडलेल्या ठिकाणांपैकी हे एक. घरं जागच्या जागी आहेत, रंग ताजे आहेत, रोर्बू पाहुण्यांच्या मुक्कामासाठी आहेत. धक्क्यावर मासळीचा वास मात्र नाही. वर्गातला एक जर्मन मुलगा म्हणाला, गाव वाचवलं हेच महत्त्वाचं. एनुगूची मैत्रीण म्हणाली, कुणासाठी वाचवलं ते आधी सांग. गाडीत बसेपर्यंत दोघं भांडत होते. मला तिचं म्हणणं पटलं. तरी पर्यटक आले नसते तर ही लाकडं केव्हाच कुजून समुद्रात गेली असती, हेही खरंच.

बोर्गला व्हायकिंग काळातलं सरदाराचं घर आहे. १९८१ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला खापरं आणि काचांचे तुकडे लागले आणि त्यावरून उत्खनन सुरू झालं. निघालं काय, तर ८३ मीटर लांबीचं घर, व्हायकिंग जगातलं आजवर सापडलेलं सर्वांत लांब. आत युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेल्या काचपात्रांचे तुकडे होते आणि नखाएवढ्या सोन्याच्या पत्र्यावर ठसवलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, इतक्या आडबाजूच्या बेटावर, एवढी श्रीमंती! मूळ जागेच्या शेजारीच १९९५ साली त्याच मापाचं घर पुन्हा बांधलं आहे. छत उलट्या नावेसारखं फुगीर, आत एका टोकाला गुरांचा गोठा, दुसऱ्या टोकाला मेजवानीचं दालन. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरायला लागतात. ढाल-तलवारीचे खेळ पोरांसाठी ठीक आहेत, मी गोठ्याच्या टोकालाच जास्त वेळ होते. हा सरदार लुटारूही असेल, पण आधी तो शेतकरी होता, गुरं राखणारा, आणि बंदरावर हुकमत असलेला. दहाव्या शतकात हे घर ओस पडलं.

चौथा दिवस : हेनिंग्सवेर

आज मासळी बघायची म्हणून पहाटे निघालो. हेनिंग्सवेरचं फुटबॉल मैदान ड्रोनच्या फोटोंमुळे जगभर गाजलं आहे. जमिनीवरून ते खडकावरचं साधं मैदान दिसतं, कडेला मासळीचे मांडव. पाच मिनिटांत आटोपलं.

धक्क्यावर मात्र तीन तास गेले आणि तेही कमीच पडले. बोटी दुपारपासून येऊ लागतात. क्रेननं मासळीच्या टाक्या वर, मग लांब टेबलं, सुऱ्या, पाण्याच्या नळ्या. डोकी एकीकडे, गाबोळी एकीकडे, यकृतं एकीकडे. कोपऱ्यात एक मुलगा, असेल दहा-अकरा वर्षांचा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून एका खिळ्यासमोर उभा होता. मुंडकं उचलायचं, हनुवटीच्या बाजूनं खिळ्यात रोवायचं, सुरीचा एक झटका, जीभ बादलीत, मुंडकं मागे. पुन्हा दुसरं. आमच्याकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. जिभा कापणं हे इथे पिढ्यान्‌पिढ्या पोरांचं काम आहे. त्याचे पैसे पोरांचे स्वतःचे, आणि ते थोडेथोडके नसतात. आमच्यातल्या एकीनं विचारलं, हे बालमजुरीत येत नाही का? धक्क्यावरचा माणूस हसला आणि म्हणाला, मी याच पैशांतून पहिली सायकल घेतली, माझ्या मुलीनं मोपेड घेतली.

एका तांडेलाशी बोलायला मिळालं. त्याला मी मालकांचं विचारलं. तो म्हणाला, आता भाव एकटा खरेदीदार ठरवत नाही. १९३८ पासून मच्छीमारांची स्वतःची विक्री संघटना आहे, नोर्गेस रोफिस्कलाग. पहिली विक्री तिच्यामार्फतच व्हायची असा कायदा आहे आणि किमान भाव तिथे ठरतो. मग आता भांडण उरलं नाही ना, असं विचारल्यावर त्यानं हातातला दोर खाली ठेवला आणि कोट्याबद्दल, म्हणजे कुठल्या बोटीनं किती मासा धरायचा याच्या ठरवून दिलेल्या वाट्याबद्दल, जे सुरू झाला ते आमची गाडी निघेपर्यंत. मोठ्या बोटींना किती, लहान बोटींना किती, पैसेवाले कोट्यासकट बोटी कशा विकत घेतात, तरुणानं धंद्यात शिरायचं कसं. धक्क्याचा मालक गेला आणि त्याच्या जागी कोट्याचा मालक आला, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ.

वखारीत गेल्या वर्षीचा उरलेला सुका माल होता. तिथे पारखी भेटला. मासा हातात घेऊन तो फिरवतो, पोटाच्या आतल्या कडेवर बोट फिरवतो, नाकाशी नेतो, आणि न बोलता एका ढिगावर टाकतो. असे जवळजवळ वीस प्रकार. उत्तम, सडपातळ, डाग नसलेला माल इटलीला. शेजारच्या दालनात दोरीत ओवलेली सुकी मुंडकी छतापर्यंत रचलेली, ती नायजेरियाला जातात. एनुगूच्या मैत्रिणीनं एक माळ उचलली आणि तिचा चेहरा खुलला. बियाफ्रा हा पूर्वेकडचा भाग नायजेरियातून फुटू पाहत होता, त्या युद्धात, १९६७ ते ७० च्या उपासमारीत, हा मासा मदत म्हणून तिच्या भागात मोठ्या प्रमाणावर पोचला. त्याआधीही तो माहीत होता, पण त्या पिढीनं तो कायमचा स्वयंपाकघरात आणला. तिच्या आजीच्या भाजीच्या रश्श्यात हा नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही. पारख्यानं तिला विचारलं, तिकडे केवढ्याला मिळतो? तिनं आकडा सांगितला. तो काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, म्हणजे आम्ही फारच स्वस्तात विकतो.

पाचवा दिवस : काबेल्वोग आणि ट्रोलफ्योर्ड

काबेल्वोगजवळ वोगान नावाची मध्ययुगीन वस्ती होती. उत्तर नॉर्वेतलं त्या काळचं एकमेव नगर म्हणून इतिहासकार तिच्याकडे बघतात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा ओइस्तेइननं इथे चर्च बांधलं आणि मच्छीमारांसाठी झोपड्या उभारल्या. रोर्बूंची परंपरा तिथपासून सांगतात. राजाचा पुतळा टेकडीवर आहे. कनवाळू राजा म्हणून त्याचं कौतुक होतं, बाईंनी मात्र लगेच आठवण करून दिली, की माणसं एका ठिकाणी राहिली म्हणजे मासळीवरचा कर गोळा करायला बरं पडतं.

गावाबाहेरचं वोगान चर्च १८९८ चं, पिवळं, लाकडी, बाराशे माणसं बसतील एवढं. गावाच्या मानानं ते अवाढव्य आहे. हंगामात रविवारी मासेमारी बंद असायची आणि हजारो मच्छीमार प्रार्थनेला यायचे, त्यांच्यासाठी ते बांधलेलं.

दुपारी स्वोल्वेरहून बोटीनं ट्रोलफ्योर्डला गेलो. तोंड जेमतेम शंभर मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी उभे कडे, आत दोनेक किलोमीटर पाणी. मार्च १८९० मध्ये इथे मासळीचा प्रचंड थवा शिरला. वाफेच्या बोटींनी आलेल्या भांडवलदारांनी तोंडाशी जाळी लावून मासा आत कोंडला आणि वल्ह्यांच्या होड्यांनी आलेल्या मच्छीमारांना आत जायला पैसे मागितले. मच्छीमार हातात येईल ते घेऊन तुटून पडले आणि आत घुसले. स्वोल्वेरचा चित्रकार गुन्नार बर्ग यानं ते दृश्य मोठ्या कॅनव्हासवर रंगवलं, ते चित्र स्विनोया बेटावरच्या दालनात आहे. दंग्यानंतर संसदेनं लोफोतेनमध्ये असल्या घेऱ्याच्या जाळ्यांना बंदी केली.

मला मात्र तिथे उभं राहून केरळ आठवत होतं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या नींडकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. इंजिनाच्या बोटी, बर्फाचे कारखाने आले. हेतू चांगला होता. पण पुढे कोळंबीच्या निर्यातीत पैसा दिसला, ट्रॉलर वाढले आणि वल्ह्यांनी मासेमारी करणारे उपाशी राहू लागले. त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं तेव्हा १९८८ साली केरळात पावसाळ्यातली ट्रॉलिंगबंदी लागू झाली. ट्रोलफ्योर्डच्या दंग्याचा धडा ज्या देशानं इतक्या लवकर कायद्यात उतरवला, त्याच्या तज्ज्ञांना तो कोल्लमला जाताना सोबत घ्यावासा का वाटला नाही, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यावर प्रबंध लिही. टाळलं की सुचवलं, कळलं नाही.

सहावा दिवस : स्वोल्वेर आणि परत

सकाळी युद्धसंग्रहालय. ४ मार्च १९४१ ला ब्रिटिश कमांडो आणि नॉर्वेजियन सैनिक स्वोल्वेर, स्टामसुंद, हेनिंग्सवेर आणि ब्रेत्तेस्नेस इथे उतरले आणि मासळीच्या तेलाचे कारखाने उडवून दिले, कारण त्या तेलातल्या ग्लिसरीनपासून जर्मनांना स्फोटकं बनवता येत होती. दोनशेहून जास्त जर्मन कैदी घेतले, तीनशेहून जास्त स्थानिक तरुण त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. एका जर्मन बोटीवर एनिग्मा या सांकेतिक संदेशांच्या यंत्राची चक्रं हाती लागली. विजयाची ही बाजू भिंतीभर आहे. दुसरी बाजू छोट्या फोटोंत : जर्मनांनी सूड म्हणून जाळलेली घरं, तुरुंगात पाठवलेले नातेवाईक.

संध्याकाळी हुर्तिगरुतेनच्या किनारी बोटीनं परत निघालो. १८९३ पासून ही सेवा चालते. तिच्यामुळे इथलं टपाल आणि माणसं बाहेर जाणं सोपं झालं. डेकखालच्या कॅफेत चर्चा पुन्हा मालकीवर आली. १९७२ साली युरोपीय समुदायाला आणि १९९४ साली युरोपीय संघाला, अशा दोन्ही जनमतांत नॉर्वेनं नकार दिला, त्यात मासळीचा समुद्र कुणाच्या हाती जाणार ही भीती मोठी होती आणि उत्तरेचा किनारा ठामपणे नकाराच्या बाजूनं होता. लोफोतेनजवळच्या समुद्रात तेल काढायला अजून परवानगी नाही, यावर आमचे नॉर्वेजियन वर्गमित्रच दोन गटांत वाटले गेले. देशाची श्रीमंती तेलाची, आणि तेलाला हात लावू नका असं सांगणारी बेटंही त्याच देशाची. स्टामसुंदला बोट थांबली तेव्हाही वाद चालूच होता.

बाईंनी तेवढ्यात अहवालाचे विषय वाटून टाकले. जर्मन मुलाला नुसफ्योर, अर्थातच. एनुगूच्या मैत्रिणीला आणि मला मिळून पेट्या भरणाऱ्या बायका. गावमालकांच्या उधारीच्या वह्यांत नावं नवऱ्यांची आहेत. त्यामुळे पुढच्या आठवड्यात अभिलेखागारात जाऊन चर्चच्या नोंदी आणि घरून आलेली पत्रं चाळायची. जुनं नॉर्वेजियन हस्ताक्षर वाचायची शिकवणी आम्ही दोघींनी शुक्रवारी लावली आहे.